एक्केचाळीस पायऱ्यांचं स्टेशन

आमचं स्टेशन बंद झालं तेव्हा सगळी पंचक्रोशी हळहळली. मी मात्र देवापुढं गुळाचा खडा ठेवला. हे तेव्हा तोंडातून काढलं असतं तर बायकांनी मला उभी चिरली असती. आता त्यातल्या बहुतेक जणी गेल्या, माझाही नंबर फार लांब नाही, तेव्हा सांगून टाकते.

पुण्याहून लोणावळ्याकडं जाणारी रेल्वे चिंचवडच्या आसपास एका ठिकाणी शेतांच्या वरून जाते. खाली मोरी, मोरीतून बैलगाड्या जायच्या आणि वर मातीच्या उंच भरावावर रूळ. त्या भरावाला चिकटून आमचं स्टेशन होतं. स्टेशन म्हणजे काय, तर जुने रूळ उभे पुरून त्यावर ठोकलेल्या फळ्यांचा फलाट, एक पत्र्याची खोली आणि चढायला एक्केचाळीस पायऱ्या. लढाईच्या काळात गोऱ्या सोल्जरांच्या चढउतारासाठी ते घाईघाईनं उभं केलं म्हणे. लढाई संपली, सोल्जर गेले आणि स्टेशन आमच्या वाट्याला आलं. वाकड-मारुंजीकडचे गवळी नदी ओलांडून दुधाच्या घागरी घेऊन यायचे, तळवड्याकडच्या बायका वांगी-मेथीच्या पाट्या घेऊन यायच्या. पाटी डोक्यावर घेऊन एक्केचाळीस पायऱ्या चढायच्या आणि वर पोचलं की रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, असा रोजचा नेम होता. पण कोणी बाहेरच्यानं स्टेशनला नाव ठेवलं तर त्याच बायका त्याच्या अंगावर जायच्या.

माझे मालक त्या स्टेशनात पोर्टर होते. मी चाकणकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन थेट त्या भरावाच्या पायथ्याशी आले. तिथं आम्हाला रेल्वेची एक खोली होती. वर तिकिटं फाडायला एक बाबू होते, पुण्याचे, काळी टोपी, स्वभावानं भिडस्त. स्टेशनाचा सगळा स्टाफ म्हणजे हे दोघं. दिवसात तीन गाड्या थांबायच्या, एक सकाळची, एक दुपारची आणि एक दिवेलागणीची.

आता मालकांचं काम नीट समजून घ्या, कारण सगळं त्यावरच आहे. आमचा फलाट वाकडा होता, रूळच तिथं वळत होते. गार्ड गाडीच्या शेपटाला उभा राहायचा, त्याला पुढचे डबे दिसायचेच नाहीत. म्हणून मालकांनी फलाटाच्या मधोमध उभं राहायचं, पुढंमागं बघायचं, शेवटचा माणूस चढला-उतरला की हिरवा बावटा दाखवायचा. तो बघून गार्ड शिट्टी मारायचा आणि गाडी सुटायची. म्हणजे पुढच्या डब्यांतल्या माणसांचा जीव मालकांच्या डोळ्यांवर होता.

आणि मालकांचे डोळे गेले होते.

एकदम नाही गेले. आधी संध्याकाळी दिसेना. मला वाटलं रातांधळेपणा असेल, म्हणून मी शेवग्याचा पाला खाऊ घातला, कोणी बोकडाचं काळीज सांगितलं तर तेही घातलं. मग दिवसासुद्धा लांबचं सगळं धुक्यात गेल्यासारखं व्हायला लागलं. ताटातली भाकरी दिसायची, समोरचा माणूस दिसायचा, पण वीस पावलांवरचा बैल की म्हैस ते कळायचं नाही. एके दिवशी आमची थोरली पोर लांबून पळत आली आणि हे तिला म्हणाले, "कोन हाय?" पोर हसत सुटली, तिला वाटलं बाप गंमत करतोय. मी चुलीपुढं बसले होते, पोरीला बाहेर पिटाळलं.

"किती दिस झालं?" मी विचारलं.

"लई दिस झालं."

"मंग बोलला का न्हाई?"

"बोलून काय व्हनार? डोळं गेलं की रेल्वे त्याच दिवशी हाकलती. मागं लायनीवरच्या मुकादमानं सांगितलंय."

झालं! मुकादम म्हणाला म्हणजे ब्रह्मवाक्य. गावाकडं तीन दीर, जमीन तुटपुंजी, आमची पोरं दोन. परत गेलो असतो तर जावांच्या हाताखाली शेणगोठा करत जन्म गेला असता. मी म्हटलं, बरं, नाही ना बोलायचं, तर मग तुमचे डोळे मी होते.

बाबूंच्या हातापाया पडून मी फलाटावर शेंगा विकायला लागले. कायद्यात बसत होतं की नाही देव जाणे, पण बाबूंनी मान हलवली. मी पाटी घेऊन पुढच्या टोकाला बसायची, जिथलं मालकांना दिसत नव्हतं. आमचं असं ठरलं होतं की गाडी उभी असेपर्यंत मी गप्प राहायचं. शेवटची बाई चढली, पाटी आत गेली, दांडीला कोणी लटकलेलं नाही असं नीट बघायचं आणि मगच ओरडायचं, "शेंगाऽऽ! भाजलेल्या शेंगाऽऽ!" ही हाक ऐकली की मालक बावटा काढायचे.

विचार करा, कसली शेंगावाली मी! गाडी समोर उभी, माणसं खिडकीतून हात काढून मागतायत, तर मी मुकाट्यानं शेंगा मोजून देते. आणि गाडी सुटायच्या बेताला आली की बोंब मारते. तळवड्याची एक फटकळ म्हातारी रोज वांग्याची पाटी घेऊन जायची, ती म्हणायची, "अगं ये भवाने, गिऱ्हाईक गेल्यावर कुनाला वरडतीस, वानराला व्हय?" सगळा डबा हसायचा. मीही हसायची. लोकांनी मला येडी ठरवली ते बरंच झालं, येडीला कोणी काही विचारत नाही.

अशी तीन वर्षं काढली. ऊन असो, ताप असो, मी तीनही गाड्यांना वर. धाकटा पोटात असताना नवव्या महिन्यापर्यंत त्या पायऱ्या चढले. तो जन्मला तेव्हा पाच दिवस बाबूच कसे कोण जाणे पुढच्या टोकाला फेऱ्या मारत होते. "सगळे चढले हो!" असं उगाच मोठ्यानं म्हणायचे. मला तेव्हा वाटलं, माणूस कामाला लागला वाटतं. मी किती मूर्ख होते ते पुढं कळलं.

मग तो दिवस आला. लगीनसराई होती. दुपारच्या गाडीत एक वऱ्हाड होतं, डबा खचाखच भरलेला, पोरं खिडक्यांना लोंबकळलेली. गाडी थांबली तशी चारपाच खिडक्यांतून एकदम आरडाओरडा झाला, "ओ शेंगावाली! हिकडं या! सगळी पाटी द्या!" सगळी पाटी! तीन वर्षांत मला कोणी सगळी पाटी मागितली नव्हती. माझ्यातली शेंगावाली उसळून उठली. पाटी उचलली आणि पळत सुटले, आणि पळता पळता तोंडातून गेलं, "आले, आले! शेंगाऽऽ! भाजलेल्या शेंगाऽऽ!"

शब्द बाहेर पडला आणि काय केलं ते मला कळलं. मागं वळून बघते तर मालकांच्या हातात हिरवा बावटा वर गेलेला. गार्डाची शिट्टी झाली. आणि माझ्या पुढ्यात, दोन डबे सोडून, ती फटकळ म्हातारी एक पाय पायरीवर, एक पाय फलाटावर, एका हातात दांडी आणि दुसऱ्या हातात पाटी. गाडीनं हिसका दिला.

मी ओरडले नाही, ओरडून काय उपयोग होता, माझ्या ओरडण्याचा अर्थ तिथं एकच होता. पाटी टाकली आणि धावले. म्हातारी चार पावलं फरफटत गेली होती. मी तिच्या कमरेला मिठी मारली, तिच्या हातून दांडी सुटली आणि आम्ही दोघी फळ्यांवर आदळून कठड्यापर्यंत लोळत गेलो. कठड्यापलीकडं खाली शेत, पार खोल. माझ्या शेंगा, तिची वांगी, सगळं खाली गेलं. आम्ही तेवढ्या वर राहिलो.

गाडी थोडं जाऊन थांबली. गार्ड धावत आला. मालकही कठडा चाचपत आले, तोंड पांढरंफटक पडलेलं. म्हातारी उठून बसली, गुडघा सोलवटला होता, बाकी ठणठणीत. मालकांकडं बघून कडाडली, "मुडद्या, डोळं फुटलं का काय तुजं?"

नेहमीचीच शिवी. आमच्याकडं दिवसातून दहादा देतात. पण मालक असे उभे राहिले की मला बघवेना.

गार्डानं विचारलं, "काय रे, दिसलं नाही तुला?"

मालक म्हणाले, "साहेब, ऊन डोळ्यावर आलं."

गार्डाला गाडी सोडायची घाई, त्यानं दम दिला आणि गाडी गेली. बाबूंनी म्हातारीच्या गुडघ्याला हळद लावली, स्वतःच्या डब्यातलं ताक पाजलं. म्हातारी शिव्या देतच संध्याकाळच्या गाडीनं गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी घेऊन हजर. तिच्या लेखी विषय संपला होता.

आमच्या घरात मात्र त्या दिवशी चूल पेटली नाही. मी म्हटलं, "चूक माजी हाय. हाव सुटली मला."

"तुजी न्हाई," ते म्हणाले. "बावटा माज्या हातात हाय. आन म्या खोटं बोललो. ऊन न्हवतं, आभाळ भरल्यालं व्हतं."

त्यानंतर मी कधी हाक चुकले नाही, पण धास्ती पोटात बसली ती बसलीच. भाकरी थापताना मला ती म्हातारी रुळात दिसायची. मालकांचं जेवण तुटलं. दोघंही एकमेकांना सांगत नव्हतो, पण दोघांनाही पक्कं ठाऊक होतं की पुढच्या खेपेला म्हातारी वाचणार नाही.

अशात एक दिवस बाबूंनी वर बोलावलं आणि कागद वाचून दाखवला. पिंपरीकडं कारखाने उभे राहत होते, माणसं वाढत होती, गाड्यांना डबे वाढणार होते. आमचा फलाट आखूड, वाकडा आणि उंच, तो वाढवायला भराव कुठून आणणार? शेजारचं स्टेशन मोठं करायचं ठरलं होतं आणि येत्या पहिल्या तारखेपासून आमच्या इथं एकही गाडी थांबणार नव्हती.

मी पायऱ्या उतरून खाली आले, दार लावलं आणि पदर तोंडात कोंबून हसले की रडले ते मलाही कळलं नाही. गाडीच थांबणार नाही! मग कोण चढणार आणि कोण पडणार? सुटले बाई, सुटले. गुळाचा खडा ठेवला तो तेव्हा.

लोक मात्र भडकले. गवळी म्हणाले, दूध नासंल तोवर चालायचं का? तळवड्याच्या बायकांनी बाबूंना घेराव घातला, जणू त्यांनीच रेल्वे विकत घेतली होती. फटकळ म्हातारी तर म्हणाली, "म्या रुळावर आडवी पडंन, बघू कशी न्हाई थांबत!" मी म्हटलं, आजी, एकदा पडून झालंय की. ती मला मारायला धावली.

माझा आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी बाबू म्हणाले, "वहिनी, स्टाफला मोठ्या स्टेशनात घेणारेत. पण आधी पुण्याला तपासणी होईल. डोळ्यांची." आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या पाटीत टाकला. "माझी काल झाली. हे असू द्या घरात." एवढं बोलून निघून गेले.

कागदावर अक्षरांच्या ओळी होत्या. वर एक मोठं अक्षर, खाली बारीक होत जाणाऱ्या सहा ओळी. डॉक्टराच्या भिंतीवरचा तक्ता बाबूंनी जसाच्या तसा उतरवून आणला होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की या माणसाला सगळं पहिल्यापासून ठाऊक आहे. तीन वर्षं त्यानं आमची अब्रू झाकली आणि एका शब्दानं जाणवू दिलं नाही. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, पण तसं केलं असतं तर बिचारे लाजून नोकरी सोडून गेले असते.

मग सुरू झाली आमची शाळा. मी दुसरी शिकलेली, ते चौथी. मी भाकरी थापत विचारायची, "तिसरी वळ?" ते म्हणायचे. "उलट्या बाजूनं?" तेही म्हणायचे. पंधरा दिवसांत त्यांना इतकं पाठ झालं की झोपेतून उठवून विचारलं तरी चुकले नसते. आमची थोरली पोर तर दोरीवरच्या उड्या त्याच अक्षरांवर मारायला लागली. मी तिला फटका दिला, ती रडली, आणि रडतानाही तीच ओळ म्हणत होती.

शेवटच्या दिवशी बायकांनी पायऱ्यांना हळदकुंकू वाहिलं, गवळ्यांनी पत्र्याच्या खोलीला आंब्याची डहाळी बांधली. शेवटची गाडी आली. माणसं चढली. मी डोळ्यांत तेल घालून बघितलं, दोनदा बघितलं आणि हाक दिली. बावटा वर गेला, गाडी सुटली, वळणापलीकडं दिसेनाशी झाली. म्हातारी खाली पायरीवर बसून हमसून हमसून रडत होती. मी मनात फक्त एवढंच म्हटलं, या स्टेशनात एकही माणूस मेला नाही. आणि पायऱ्या मी बसत बसत उतरले.

पुण्याला तपासणीला आम्ही दोघं गेलो. आत बायकांना सोडत नव्हते, मी दाराबाहेर बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टरांचा आवाज आला, "वाचा." मालकांनी पहिलं अक्षर म्हटलं. मग दुसरी ओळ, खणखणीत. तिसरी ओळ. मी बाहेर त्यांच्याबरोबर ओठ हलवत होते. चौथीचं पहिलं अक्षर आलं. दुसरं आलं.

आणि थांबले.

मला वाटलं विसरले. माझ्या तोंडाशी ते अक्षर आलं होतं, दारातून ओरडून सांगावं असं झालं. मग मालकांचा आवाज आला, हळू.

"साहेब, हे म्या पाठ केलंय. मला तक्ता दिसत न्हाई. भिंतसुदीक नीट दिसत न्हाई."

संपलं, मी म्हटलं. पंधरा दिवस घोकलं, तीन वर्षं झाकलं, आणि या बाबानं एका वाक्यात सगळं ओतून टाकलं! मला असा संताप आला की उठून आत जावं आणि यांच्या कानाखाली द्यावी. तीन पोरं, खोली, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

डॉक्टर म्हणाले, "कधीपासून?"

"तीन वर्सं."

"आणि तीन वर्षं गाड्या सोडताय? कोणी मेलं असतं म्हणजे?"

"एक म्हातारी मरता मरता वाचली, साहेब. तवापास्नं झोप न्हाई मला. मोठ्या टेशनात गर्दी लई. तिथं मरंल कुनीतरी. हाकलायचं तर हाकला, पन बावटा माज्या हातात देऊ नका."

मग बराच वेळ डोळे तपासण्याचा खुडबुड आवाज येत राहिला. डोळ्यामागची शीर सुकत चाललीय, चष्म्यानं काही होणार नाही, असं डॉक्टर कोणाला तरी लिहायला सांगत होते. ते चिडलेले होते, पण चिडून जे म्हणाले ते ऐकून मी बाकावरून उठलेच. "हाकलायचं कशाला? डोळे गेले म्हणजे हातपाय गेलेत काय? अशांना दुसरं काम देतात. पहिल्या दिवशी येऊन सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी दिलं असतं!"

अरे देवा. तीन वर्षं! तीन वर्षं मी त्या पायऱ्या चढले, लोकांची येडी झाले, रोज तीन वेळा काळीज मुठीत धरलं, कशासाठी? तर एका मुकादमानं काहीतरी ठोकून दिलं आणि आम्ही शहाण्यांनी कोणाला विचारलं नाही म्हणून. बाबूंनासुद्धा नाही. विचारायचीच भीती. मी तिथं बाकावर बसून स्वतःलाच शिव्या दिल्या आणि शिव्या देता देता हुंदका फुटला. इतक्या वर्षांनी पोटभर श्वास आत गेला होता.

मालक दारात आले, चौकट धरून उभे राहिले. चारचौघांत माझ्याकडं मान वळवून न बघणारा हा माणूस, भरल्या व्हरांड्यात म्हणाला, "अगं, हात धर माजा. पायऱ्या दिसत न्हाईत मला."

मी हात धरला आणि आम्ही खाली उतरलो.

महिन्याभरात त्यांना मोठ्या स्टेशनात पाणीवाल्याचं काम मिळालं. गाडी आली की पितळी बादली आणि डाव घेऊन फलाटावर फिरायचं, खिडकीतून पुढं आलेल्या तांब्यात पाणी ओतायचं. खिडकी हातभर अंतरावर, तेवढं त्यांना दिसायचं. पहिल्या दिवशी मी लांब उभी राहून बघत होते. कोणाच्या तरी तांब्याऐवजी त्यांनी त्याच्या बाहीवर पाणी ओतलं. तो माणूस खेकसला. मालकांनी हात जोडले आणि पुढच्या खिडकीकडं गेले.

घरी आल्यावर मी म्हटलं, "वल्ला केला की त्येला."

ते भाकरी मोडत होते. कितीतरी महिन्यांनी त्यांनी तिसरी भाकरी मागितली होती. मान वर न करता म्हणाले, "आता चुकलो तर पानी सांडंल. मानूस न्हाई पडनार."